गल्ल्याशेजारची वही

"वही आणली, पेन्सिली आणल्या, आता काय काढू तेच सुचत नाही." चित्रांचा नाद नव्याने लागलेल्या माणसाचं पहिलं गाऱ्हाणं हेच असतं. माझं कोल्हापुरात औषधाचं दुकान आहे. गल्ल्याशेजारी, काउंटरच्या आतल्या अंगाला एक स्केचबुक कायम पडलेलं असतं, त्यामुळे हे गाऱ्हाणं घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात. कुणी बीपीच्या गोळ्या घ्यायला आलेलं असतं, कुणी नुसतंच डोकावतं. त्यांना उभ्या उभ्या जे सांगतो तेच इथे जरा बसून लिहितोय. मी शिकलेला चित्रकार नाही. डी. फार्म झालो आणि दुकानात बसलो. चित्रांत मजल शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांपर्यंतच.

माझं म्हणणं असं की सुचण्याची वाट बघत वही बंद ठेवू नये. आम्हा दुकानदारांना उधारीची वही चांगली माहीत असते. माल देताना फक्त लिहायचं, वसुलीचं नंतर बघायचं. स्केचबुक तसंच वापरा. आज जे दिसलं ते टिपून ठेवा. ते चांगलं झालं का, त्याचं पुढे काय करणार, हे त्या दिवशी विचारूच नका. कल्पना येतात त्या वसुलीच्या वेळी. आणि लोक काय करतात, तर नोंदच नसताना वसुलीला निघतात.

सामान

याचा बाऊ नको. वही तळहातापेक्षा थोडी मोठी, फार तर ए-फाइव्ह आकाराची घ्या. मोठी वही घरी राहते, छोटी बरोबर येते. जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराची १८१३ सालची वही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवली आहे. खिशात मावेल एवढीच आहे ती. आपल्या गावाकडच्या मुक्कामात त्याने तीत पेन्सिलीने शेतं, झाडं, होड्या टिपल्या, आणि एकेका छोट्या पानावर दोन-दोन तीन-तीन नोंदी दाटीवाटीने केल्या. पुढे प्रदर्शनांत गेलेल्या त्याच्या मोठमोठ्या चित्रांची मुळं असल्या वह्यांत सापडतात.

कागदाचं वजन बघून घ्या. ते जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एक चौरस मीटर कागद किती ग्रॅम भरतो ते. झेरॉक्सचा कागद ७५ जीएसएमच्या आसपास असतो. त्यावर पेन जरा दाबून चालवलं की मागच्या पानावर उमटतं. पेनबरोबर थोडा रंगाचा हात मारायचा असेल तर १५०च्या पुढचा कागद घ्या. निव्वळ जलरंगात काम करायचं असेल तर ३०० जीएसएम, पण तो विषय वेगळा. स्पायरलची वही मागे पूर्ण दुमडता येते, उभ्याने काढायला सोयीची. फक्त पानं एकमेकांवर घासून पेन्सिलीचं काम काजळतं. शिवलेल्या वहीत तो त्रास कमी, शिवाय दोन्ही पानांवर मिळून एक आडवं चित्र घेता येतं. मी शिवलेली वापरतो. कातडी पुठ्ठ्याची भारी वही पहिल्यांदाच घेऊ नका. तिच्यावर हात आखडतो, आणि "खराब व्हायला नको" म्हणून ती कपाटात जाते.

पेनांच्या बाबतीत मी नशीबवान. औषध कंपन्यांचे एमआर, म्हणजे त्यांचे प्रतिनिधी, येता-जाता पेनं ठेवून जातात, ड्रॉवर भरलाय. साध्या बॉलपेनला लोक उगाच कमी लेखतात. हात हलका ठेवला की त्यातून करडी, जवळजवळ पेन्सिलीसारखी रेष निघते, दाबलं की गडद; एकाच पेनात चार-पाच छटा. टोकाला शाईचा गोळा जमतो तेवढा अधूनमधून चिंधीला पुसायचा. वरून रंग लावायचा असेल तर मात्र वॉटरप्रूफ शाईचं पेन लागतं. वेष्टनावर काय छापलंय त्यावर विसंबू नका. एक रेष ओढा, वाळू द्या, ओलं बोट फिरवा, म्हणजे कळेल. बहुतेक जेलपेनं इथेच फिसकटतात.

पेन्सिली दोन पुरे, एचबी आणि ४बी. शिशात ग्रॅफाइट आणि माती असते. माती जास्त तेवढी पेन्सिल कडक, ती एचची बाजू; ग्रॅफाइट जास्त तेवढी मऊ आणि काळी, ती बीची. खोडरबर दुकानात आणूच नका. खोडणाऱ्याचं लक्ष झालेल्या चुकीवर राहतं आणि तोवर समोरचं माणूस निघून जातं. रेष चुकली तर तिच्या शेजारी दुसरी ओढा, दोन्ही राहू देत.

आमच्याकडचा पावसाळा कागदाचा वैरी. जुलैत कागद हवेतलं पाणी पितो, पेन्सिल नीट धरत नाही, शाई कडेने पसरते. तेवढे महिने वही झिपच्या पिशवीत ठेवतो. औषधांच्या डब्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या त्यात टाकून देतो. त्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत एवढं बघा.

आणखी एक फुकटचा माल म्हणजे औषधांची खोकी. खोकं उलगडलं की आतली करडी बाजू मिळते. त्या करड्यावर काळं बॉलपेन आणि पांढरी रंगीत पेन्सिल, एवढ्यात छाया आणि उजेड दोन्ही होतात. कोऱ्या पांढऱ्या पानाची धास्ती वाटणाऱ्याला मी आधी हेच देतो. खोकं रद्दीतच जायचं होतं, त्यामुळे हात सैल पडतो.

हाताच्या अंतरावरचं

सुरुवातीला विषय शोधायला बाहेर पडू नका. बसल्या जागेवरून हात लांब केल्यावर जे लागेल ते काढा. माझ्या बाबतीत ते म्हणजे स्टेपलर, गोळ्यांची पाकिटं, कात्री, चहाचा ग्लास, आणि काउंटरवर ठेवलेले लोकांचे हात. पाकिटाचं चंदेरी फॉइल काढायला अवघड जातं, कारण त्याचा स्वतःचा रंग दिसतच नाही. दिसतात ती शेजारच्या वस्तूंची वेडीवाकडी प्रतिबिंबं. एखाद्या कंटाळवाण्या दुपारी करून बघा, तासभर कुठे गेला कळणार नाही.

हातांबद्दल जरा सविस्तर सांगतो. औषधं काढून होईपर्यंत गिऱ्हाईक काउंटरवर हात टेकून उभं असतं. त्या दोन-तीन मिनिटांत हात काढून होतो, चेहरा होत नाही. परवा एक आजी आल्या होत्या. केसपेपर चौघडी करून मुठीत धरलेला, पैसे पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलेले. गाठ सुटेना. डाव्या मुठीत पदर आवळून उजव्या हाताची नखं गाठीत घालून त्या ओढत होत्या. मी आधी दोन्ही मुठी मिळून जो एक ओबडधोबड आकार होत होता तो घेतला, बोटांच्या भानगडीत न पडता. मग बोटांच्या पेरांची उतरती रेष. ती किती तिरकी आहे हे एकदा बरोबर आलं की हात कुणाचा आणि काय करतोय ते कळायला लागतं. मग अंगठा, कारण तो बाकीच्या बोटांवरून आडवा जातो, आणि कोण पुढे कोण मागे हे तोच ठरवतो. पदराच्या चुण्या शेकडो असतात, पण ताणलेल्या चुण्या सगळ्या गाठीकडे धावतात. तेवढ्याच काढल्या, बाकीच्या सोडल्या, तर कापड ओढलं जातंय हे दिसतं. शेवटी बांगड्या. बांगडीचा पूर्ण गोल काढू नका. मनगटाच्या पुढून जाणारी वक्र रेषच काढा. ती कुठल्या बाजूला फुगलीय त्यावरून मनगट आपल्याकडे वळलंय की पलीकडे हे समजतं. नखं आणि सुरकुत्या राहिल्या. गाठ सुटली, आजी सुटे मोजायला लागल्या, मी पेन ठेवलं.

इथे एक पथ्य सांगायला हवं. माझ्या दुकानात येणारं माणूस दुखणं घेऊन येतं. त्याचा ओळखू येईल असा चेहरा, त्याची चिठ्ठी, औषधाचं नाव यातलं काहीही वहीत जात नाही. दवाखान्यात, कचेरीत, शाळेत बसून काढणाऱ्यांनी आपापलं असं पथ्य आधीच ठरवून घ्यावं.

परीक्षेतला माणूस

महाराष्ट्रात शाळा केलेल्या बऱ्याच जणांच्या हातात एक माणूस पाठ बसलेला असतो. एलिमेंटरी, इंटरमिजिएटला स्मरणचित्राचा पेपर असायचा. विषय बाजार असो की जत्रा, आम्ही तोच माणूस काढायचो: बाजूने दिसणारा, डोक्यावर टोपी, एक पाय पुढे, एक मागे. शेजारी डोक्यावर पाटी घेतलेली बाई. मागे एक झाड, कोपऱ्यात दोन कावळे. परीक्षेला तो माणूस उपयोगी पडला, माझी तक्रार नाही. पण आज वही घेऊन बसलात की तोच आधी टपकतो, आणि समोरचा खरा माणूस त्याच्या आड जातो.

त्याला घालवायला मी दोन गोष्टी करायला लावतो. पहिली म्हणजे कागदाकडे न बघता रेष. नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, मुंगीच्या वेगाने कडेकडेने पुढे सरकायची, आणि हाताने त्याच वेगाने कागदावर तिच्या मागे जायचं. कागदाकडे एकदाही बघायचं नाही, पेन उचलायचं नाही. चित्र वेडंवाकडं येणार, कान गालावर जाणार. येऊ दे. पण त्यात कुठेतरी दोन इंच रेष अशी येते की पाठ असलेल्या हाताला ती कधीच आली नसती. ती दोन इंच शोधून बाजूला बारीक खूण करा.

दुसरी गोष्ट, अर्ध्या मिनिटाचा माणूस. सीबीएसवर, म्हणजे आमच्या मध्यवर्ती एसटी स्टँडवर, गाडीची वाट बघणारे लोक यासाठी उत्तम. वाट बघणारा माणूस सहसा दोन्ही पायांवर सारखा भार टाकून उभा राहत नाही. भार कुठल्या पायावर आहे ते आधी बघा. त्या बाजूची कंबर वर चढलेली असते, आणि तोल सांभाळायला खांदा त्याच बाजूला खाली झुकतो. या दोन तिरक्या रेषा आणि मानेपासून भाराच्या पायापर्यंत एक लांब रेष, एवढ्यात माणूस उभा राहतो. हातात पिशवी असेल तर सगळं आणखी स्पष्ट होतं. चेहरा, बटणं, चपला यांच्या वाटेला जायचं नाही. एका पानावर असे दहा-बारा जण दाटीने येऊ द्या.

बाहेर पडाल तेव्हा

गावात बघण्यासारखं काही नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी आबालाल रहिमान यांचं नाव घेतो. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेला, शाहू महाराजांच्या आश्रयाला असलेला हा चित्रकार कोटितीर्थ, रंकाळा या कोल्हापुरातल्या तळ्यांचा, घराजवळचाच परिसर पुन्हा पुन्हा रंगवत राहिला. तळं तेच, पण उजेड रोज वेगळा.

रंकाळ्यात पाण्यात उभा असलेला दगडी संध्यामठ मी वर्षभर काढत असतो. पावसाळ्यात तो बराचसा पाण्यात असतो, उन्हाळ्यात पायथा उघडा पडतो. जागा ठरलेली, माप ठरलेलं, बदलतं फक्त पाणी आणि ऊन. तीच गोष्ट पुन्हा काढण्यात फायदा असा की आकाराचा विचार हळूहळू संपतो आणि तोवर न दिसलेलं दिसायला लागतं. मला खांबांच्या मधल्या मोकळ्या जागा दिसायला लागल्या. आता मी खांब काढतच नाही, त्या फटींतून दिसणाऱ्या पाण्याचे आकार काढतो. खांब आपोआप उरतात. खुर्ची, सायकल, शिडी, ज्यात ज्यात फटी आहेत त्या सगळ्याला ही युक्ती लागू पडते.

हलणाऱ्या जनावरांसाठी गंगावेशीचा दूध कट्टा. म्हशी आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि गिऱ्हाईक ग्लास तोंडाला लावून तिथेच पितं. आमच्या भागातल्या पंढरपुरी म्हशीची शिंगं भलतीच लांब, मागे खांद्यापर्यंत गेलेली. म्हैस स्थिर उभी राहत नाही, पण ती त्याच चार गोष्टी करत राहते: मान वळवते, शेपूट उडवते, पाय बदलते, पुन्हा मान सरळ. म्हणून एकाच पानावर चार चित्रं एकदम सुरू करायची. मान वळली की दुसऱ्या चित्रावर जायचं, परत आली की पहिल्यावर. फिरून फिरून चारही भरत जातात. कबुतरं, लहान मुलं, केस कापणारा न्हावी, सगळ्यांना हीच पद्धत.

उलट अडचण आमच्या जिल्ह्यातल्या खिद्रापूरला येते. १२व्या शतकातलं कोपेश्वराचं देऊळ. पुढच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि छताला मधोमध गोल मोकळं आभाळ. तिथे वही उघडून बसलेल्यांना मी घामाघूम झालेलं बघितलंय. सगळं काढायला निघतात आणि तिसऱ्या खांबाशी दमतात. एकच खांब घ्या. तोच खाली चौकोनी, मध्ये अष्टकोनी, वर गोल असा बदलत जातो. त्यातलाही चौकोनाचा अष्टकोन जिथे होतो तो वीतभर भाग पकडा. बाकी मंडपाची एक काडेपेटीएवढी आकृती कोपऱ्यात काढून ठेवा, कुठला खांब ते कळावं म्हणून. मोठ्या जागी गेलात की लहान नोंद आणा, एवढाच माझा नियम. अंबाबाईच्या देवळाबाहेर मी फक्त भिंतीच्या कोनांत पडणाऱ्या सावल्यांच्या पट्ट्या काढतो. मूर्ती काढायला कधी धजावलो नाही.

फोटो काढून घरी जाऊन चित्र काढू का, असं विचारतात. काढा, कुणी अडवलंय. पण मोबाइल काय सोडायचं हे ठरवत नाही, आणि सोडण्यातच तर आपली निवड असते. फोटोवरून काढलेल्या चित्रात आकाशातली वायरसुद्धा इमाने इतबारे येते.

चित्राशेजारी शब्द

पानावर लिहायला लाजू नका. तारीख, वेळ, जागा तर लिहाच. शिवाय कानावर पडलेलं एखादं वाक्य, वास, भाव, जो रंग लावायला जमला नाही त्याचं नाव. "भिंत: कच्च्या कैरीच्या आतला हिरवा" अशी माझ्या वहीत एक नोंद आहे, रंगाच्या पेटीत तो रंग नव्हता, पण वाचलं की भिंत दिसते. तिकीट, पाकिटाची कड, वाळलेलं पान चिकटवलंत तरी चालेल. फक्त छापील बिलं चिकटवू नका. हल्ली सगळीकडे थर्मल कागद असतो, आमच्याकडेही तोच रोल आहे. त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात, उन्हात किंवा गरम जागी ठेवलं तर कागदच काळवंडतो. आकडा हाताने लिहा.

वसुली

आता मुख्य भाग. इतके दिवस नुसतं टिपत गेलात, विचारलं काही नाही. महिन्यातून एकदा वही पहिल्या पानापासून चाळायची. मी हे एक्सपायरी तपासायच्या दिवशी करतो, त्या दिवशी तसंही सगळं खाली काढलेलं असतं. हातात लाल पेन्सिल घ्यायची, नवीन काही काढायचं नाही.

पहिली फेरी पुनरावृत्तीची. न ठरवता काय काय परत परत आलंय? त्याच्या शेजारी लाल ठिपका. माझ्या एका वहीत असे ठिपके टाकत गेलो तर निघाल्या गाठी. आजींच्या पदराची गाठ, दुधाच्या किटलीला बांधलेली सुतळी, भाजीच्या पिशवीचे बंद एकमेकांत अडकवून मारलेली गाठ, म्हशीच्या दाव्याची गाठ, छत्रीच्या मोडलेल्या काडीला बांधलेला दोरा. गाठी काढायच्या असं मी कधीच ठरवलं नव्हतं. "तुझा विषय काय?" असं कुणी विचारलं असतं तर निसर्गचित्रं असं ठोकून दिलं असतं. मग मुद्दाम गाठींच्या मागे लागलो. फुलवाल्याची गजऱ्याची गाठ, चपलेच्या कातडी वादीची गाठ, हमालाच्या दोराची. त्यातून पुतणीच्या लग्नाच्या पत्रिकेची किनार झाली: चारही बाजूंनी एकच दोरी, आणि दर कोपऱ्यात वेगळी गाठ. छापखान्यातल्या माणसाने नेहमीच्या कोयरीचा आग्रह धरला होता. वहिनी म्हणाल्या, भाऊजींचीच घ्या. झालं.

दुसरी फेरी जोडीची. डोळे मिटून दोन पानं उघडायची आणि त्या दोन गोष्टी तिसऱ्या एका चित्रात बसवायच्या. म्हशीची शिंगं आणि माझ्या जुन्या स्कूटरचं हँडल अशी जोडी लागली, तेव्हा शिंगांची स्कूटर निघाली, मागे दुधाच्या किटल्या. दिवाळीला तेच चित्र शुभेच्छापत्र म्हणून ओळखीच्यांना पाठवलं. दहा जोड्यांतल्या आठ बाद होतात. होऊ देत, प्रत्येकीला पाच मिनिटंही लागत नाहीत.

तिसरी फेरी खिडकीची. औषधाच्या खोक्याला साधारण काडेपेटीएवढी चौकोनी खिडकी कापा आणि ती जुन्या पानांवरून सरकवत न्या. पूर्ण पान बेकार असतं, पण खिडकीत एखादा तुकडा असा येतो की तो स्वतःच चित्र होतो: खांदा आणि बाकाची कड, कप आणि त्याची सावली. तो तुकडा नव्या पानावर चौपट मोठा करून काढा. मोठं करताना मूळ पानावर नसलेले तपशील मागायला लागतात. ते आठवून भरायचे किंवा जागेवर जाऊन परत बघायचे.

आणि चौथं, खरं स्मरणचित्र. दोन-तीन आठवड्यांपूर्वीचं पान निवडा, वही मिटा, तेच दृश्य आठवून काढा. मग शेजारी ठेवून बघा. जे आठवणीत टिकलं ते तुमच्या मनाने निवडलेलं असतं. बऱ्याचदा मूळ चित्रात बारीक असलेली गोष्ट आठवणीतल्या चित्रात मोठी होऊन बसलेली असते. कुठली, ते नीट बघा. पुढचं चित्र तिथून सुरू करायचं.

सगळी उधारी वसूल होत नाही, हेही सांगून ठेवतो. कित्येक पानांचं कधीच काही होणार नाही. तशी पानं फाडू नका. कॉन्स्टेबलच्या वहीतली तरी सगळी पानं कुठे मोठी चित्रं झाली?

हात थांबला तर

असे आठवडे येतात. तेव्हा बंधन घालून घ्या, मोकळीक देऊ नका. आठवडाभर फक्त उभ्या रेषा. किंवा फक्त निळं पेन. किंवा फक्त चपला. कोल्हापुरात चपलांना तोटा नाही. "काहीही काढ" म्हटलं की माणूस गोंधळतो, "सात दिवस चपला" म्हटलं की तिसऱ्या दिवशी अंगठ्याच्या जागी झिजलेला खळगा दिसायला लागतो आणि त्या माणसाची चाल डोळ्यांपुढे येते.

पहिली वही भरेपर्यंत इन्स्टाग्रामवर काही टाकू नका. लाइक आले की लोकांना आवडलेलंच परत काढावंसं वाटतं आणि लाल ठिपके खोटे पडतात. घरच्यांना दाखवायला हरकत नाही. आमच्या घरी एकच अभिप्राय मिळतो: "हे कोण?" तो पुरेसा आहे, त्यावरून खांदा कुठे चुकला ते कळतं.

रस्त्यावर काढायला बसलात की माणसं मागे उभी राहणारच. "काय काढताय ओ?" "सर्व्हे आहे काय?" "माझं काढा की." भिंतीला पाठ लावून बसलात तर निम्मी कमी होतात. आग्रहच झाला तर मी माणसाचं न काढता त्याच्या हातातल्या वस्तूचं काढून दाखवतो: किल्ली, विळा, टिफिन. चेहरा काढला की "नाक असं नाही माझं" ही चर्चा सुरू होते आणि चहा गार होतो.

भरलेल्या वहीच्या पाठीवर सुरुवातीची आणि शेवटची तारीख घाला आणि ती जमिनीपासून वर, लोखंडी कपाटात ठेवा. भिंतीला टेकवू नका, ओल आणि वाळवी तिथूनच येतात. पहिल्या पानावर मोबाइल नंबर असू द्या, वह्या रिक्षात राहतात. आणि जुनीची चार-पाच पानं शिल्लक असतानाच नवी आणून ठेवा. नाहीतर ती शेवटची पानं "काहीतरी चांगलं" काढायला म्हणून राखून ठेवली जातात आणि काउंटरवरचे हात तसेच निघून जातात.